नलिकेची ऊब : उंची हेडफोन आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर यांची जोडी

ट्रान्झिस्टरपूर्व काळातील रेडिओ ज्या काचेच्या निर्वात नलिकांवर चालत, त्यांना भारतात सर्रास ‘व्हॉल्व्ह’ म्हटले जाई. बटण फिरवले की खोक्याच्या मागच्या बाजूला तांबूस उजेड दिसे आणि अर्ध्याएक मिनिटाने आवाज हळूहळू वर येई. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील दोन-तीन दशकांत घरगुती उपकरणांतून या नलिका जवळपास हद्दपार झाल्या. गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर आणि चोखंदळ संगीतश्रवणाचा छंद या दोन ठिकाणी मात्र त्या टिकून राहिल्या. अलीकडच्या काळात उंची हेडफोनांच्या सोबतीने त्यांना नवा श्रोतृवर्ग मिळाला आहे.

या श्रोत्यांच्या तोंडी एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘ऊब’. नलिकेच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ऐकलेला आवाज उबदार, गोलाईचा, भरदार वाटतो, असे ते सांगतात. हा अनुभव सर्वस्वी काल्पनिक नाही; त्याची मोजता येण्याजोगी कारणे आहेत. पण ती कारणे एकट्या नलिकेत सापडत नाहीत. एकच अ‍ॅम्प्लिफायर एका हेडफोनला ऊब देतो, दुसऱ्याचा खर्ज सैल करून टाकतो आणि तिसऱ्याला धड आवाजही देऊ शकत नाही. या छंदात अ‍ॅम्प्लिफायरची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. त्यामुळे जोडी कशी जमते हे समजून न घेता केलेली खरेदी फार महागात पडते.

नलिकेचा स्वभाव

ब्रिटिश अभियंते जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांची नलिका बनवली. अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी १९०६च्या सुमारास तिच्यात तिसरे अग्र घातले आणि क्षीण विद्युतसंकेत मोठा करण्याची किमया साधली. रचना समजायला सोपी आहे. निर्वात काचेच्या आत एक अग्र तापवले जाते. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन समोरच्या पत्र्याकडे, म्हणजे ‘प्लेट’कडे धावतात. मध्ये तारेची जाळी असते. जाळीवरील दाबात किंचित बदल झाला तरी इलेक्ट्रॉनांच्या मोठ्या प्रवाहात त्याचे पडसाद उमटतात. नळाची चावी बोटाने हलवावी आणि पाण्याची धार बदलावी, तसा हा प्रकार आहे. इंग्रजांनी त्याला ‘व्हॉल्व्ह’ हे नाव दिले ते उगाच नव्हे.

नलिका जास्त दाब आणि कमी प्रवाह यांवर चालते. तिच्या प्लेटवर शंभर-दोनशे व्होल्ट सहज असतात, प्रवाह मात्र काही मिलिअँपिअरच. बहुसंख्य अ‍ॅम्प्लिफायरांत दिसणाऱ्या १२एयू७ या छोट्या नलिकेचा अंतर्गत रोध साधारण ७,७०० ओहम असतो. हेडफोनचा रोध ३२ ते ६०० ओहम. एवढ्या तफावतीमुळे अशी नलिका हेडफोनला थेट जोडून भागत नाही; मध्ये काहीतरी सांधा लागतो. नलिकेच्या अ‍ॅम्प्लिफायरांचे जे प्रमुख प्रकार बाजारात दिसतात, ते या सांध्याच्या प्रकारावरूनच पडले आहेत.

पहिला मार्ग ट्रान्सफॉर्मरचा. वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गानुसार ट्रान्सफॉर्मर रोधाचे रूपांतर करतो. साडेबारास एक या गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर ३२ ओहमचा हेडफोन नलिकेला ५,००० ओहमचा भासवतो. मार्ग उत्तम, पण चांगला ट्रान्सफॉर्मर जड आणि खर्चिक असतो, आणि स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्ज व तार अशी दोन्ही टोके बोथट होतात. दुसरा मार्ग ट्रान्सफॉर्मर गाळून टाकण्याचा. त्याला छंदिष्टांच्या भाषेत ‘ओटीएल’ म्हणतात. त्यासाठी मुळातच कमी अंतर्गत रोधाच्या नलिका लागतात. ६एएस७ आणि तिची भावंड ६०८० या नलिका संगीतासाठी जन्माला आल्याच नव्हत्या. वीजपुरवठ्याचा दाब स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणांसाठी त्या बनवल्या गेल्या होत्या. प्रत्येक अर्ध्या भागाचा अंतर्गत रोध अवघा २८० ओहमच्या आसपास असल्यामुळे हेडफोन चालवायला त्या सोयीच्या ठरल्या आणि आज याच कामासाठी शोधल्या जातात. तिसरा मार्ग संकराचा : आरंभी नलिका आणि शेवटी ट्रान्झिस्टर. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर बहुधा याच जातीचे असतात.

या संकरित वर्गात एक फसवा प्रकारही आढळतो. नलिकेला जेमतेम बारा-चोवीस व्होल्टांवर ठेवलेले असते आणि तिच्या बुडाशी नारिंगी एलईडी लावून उजेडाचा आभास निर्माण केलेला असतो. खरी तापलेली नलिका मंद तांबूस दिसते आणि तिच्या काचेला हात लावता येत नाही.

ऊब येते कुठून

ऊब येण्याचे पहिले आणि बहुतेक वेळा दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे इम्पीडन्स. बदलत्या विद्युतप्रवाहाला उपकरणाकडून होणारा एकूण विरोध, असा त्याचा सोपा अर्थ. हेडफोनच्या खोक्यावर ‘३०० ओहम’ असे छापलेले असले तरी तो आकडा नाममात्र असतो. आतील पडदा ज्या कंपनसंख्येला नैसर्गिकपणे झुलतो, तिथे इम्पीडन्स एकदम चढतो. सेनहायझर या जर्मन कंपनीचे १९९७ साली आलेले एचडी ६०० आणि २००३ साली आलेले एचडी ६५० हे या विषयातील आदर्श नमुने मानले जातात. दोहोंचा नाममात्र इम्पीडन्स ३०० ओहम; पण १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमपर्यंत जातो.

अ‍ॅम्प्लिफायरलाही स्वतःचा निर्गम-इम्पीडन्स असतो. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो एक ओहमच्या आत असतो. अमेरिकेतील बॉटलहेड कंपनीच्या ‘क्रॅक’ या स्वतः जोडायच्या लोकप्रिय ओटीएल संचात तो १२० ओहमच्या जवळपास आहे. हेडफोन आणि हा निर्गम-इम्पीडन्स एकामागोमाग जोडलेले असल्याने उपलब्ध दाब दोघांत वाटला जातो आणि ज्याचा विरोध मोठा, त्याला मोठा वाटा मिळतो.

ही वाटणी आकड्यांत पाहिली की ऊब डोळ्यांना दिसते. जिथे हेडफोन ३०० ओहमचा आहे, तिथे त्याला ४२० पैकी ३००, म्हणजे सुमारे ७१ टक्के दाब मिळतो. जिथे तो ५०० ओहमचा होतो, तिथे ६२० पैकी ५००, म्हणजे जवळपास ८१ टक्के. हा फरक सुमारे एक डेसिबेलचा आहे. याचाच अर्थ, १०० हर्ट्झच्या आसपासचा रुंद पट्टा बाकीच्या आवाजापेक्षा एक डेसिबेलने उचलला जातो. तबल्याच्या डग्ग्याची घुमार, पुरुषी आवाजाची छाती, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा पाया याच परिसरात असतो. एक डेसिबेल ही वाढ डोळ्यांत भरणारी नाही. कान मात्र तिची दखल ‘आवाज जरा भरला’ अशा शब्दांत घेतो. एचडी ६००चा मूळ स्वभाव थोडा कोरडा असल्याने ही भर त्याला मानवते. या हेडफोनांची आणि ओटीएलची जोडी इतकी प्रसिद्ध का झाली, त्याचा मोठा भाग या साध्या भागाकारात आहे.

आता तोच १२० ओहमचा अ‍ॅम्प्लिफायर ३२ ओहमच्या एखाद्या हेडफोनला जोडला आणि त्याचा इम्पीडन्स खर्जात दुप्पट, म्हणजे ६४ ओहम होतो असे धरले, तर चित्र पालटते. एका जागी २१ टक्के आणि दुसऱ्या जागी ३५ टक्के दाब मिळतो; फरक चार डेसिबेलांहून अधिक होतो. शिवाय पडद्याच्या झुलण्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा विद्युत-लगाम राहत नाही, ठोका संपला तरी खर्ज रेंगाळतो. ही ऊब नव्हे, हा गदळपणा आहे. म्हणूनच अ‍ॅम्प्लिफायरचा निर्गम-इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा जास्त नसावा, असा ठोकताळा अभियंते सांगतात. एचडी ६०० आणि क्रॅक ही जोडी हा नियम उघडउघड मोडते, आणि तरी आवडते. नियम अचूकतेसाठी आहे. ही जोडी अचूकतेपासून मोजून-मापून ढळलेली आहे, इतकेच.

येथे एक ऐतिहासिक गंमत नोंदवण्यासारखी आहे. हेडफोनला १२० ओहमच्या स्रोतावरून चालवावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या मानकातच होती. जुन्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरांच्या हेडफोन जॅकमध्येही स्पीकरच्या वाटेवरून काहीशे ओहमच्या रोधकातून संकेत आणलेला असे. म्हणजे त्या काळातील काही हेडफोन मोठा निर्गम-इम्पीडन्स गृहीत धरूनच घडवले गेले होते. माळ्यावर पडलेला सत्तरच्या दशकातील चांगला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर, आत एकही नलिका नसताना, ३०० ओहमच्या हेडफोनला ‘नलिकेसारखा’ आवाज देतो तो यामुळे.

तानपुऱ्याचे स्वयंभू स्वर आणि नलिकेची विकृती

दुसरे कारण नलिकेच्या विकृतीत आहे. संगीतशास्त्रात कोमल-तीव्र स्वरांना विकृत म्हणतात, तो अर्थ येथे नाही. मूळ संकेतात नसलेले जे काही अ‍ॅम्प्लिफायर पदरचे घालतो, ती त्याची विकृती. तीन अग्रांची एकेरी नलिका, म्हणजे एकाच नलिकेवर संपूर्ण तरंगाचा भार असलेली रचना, प्रामुख्याने दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर घालते. मूळ स्वर मध्य षड्ज असेल, तर हा उपस्वर तार षड्ज असतो. तिप्पट कंपनसंख्येचा उपस्वर तार सप्तकातील पंचम, चौपट म्हणजे अतितार षड्ज आणि पाचपट म्हणजे त्याच सप्तकातील गंधार. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हाच. सातपटीचा उपस्वर मात्र कोमल निषादापेक्षाही किंचित उतरलेला पडतो आणि कानाला खुपू लागतो.

एकेरी नलिकेची विकृती खालच्या, म्हणजे सुसंवादी उपस्वरांत एकवटलेली असते आणि वरच्या उपस्वरांकडे झपाट्याने विरत जाते. मोठा स्वर आपल्या लगतचे वरचे क्षीण स्वर झाकून टाकतो, हा कानाचा गुणधर्म येथे मदतीला येतो. त्यामुळे एक टक्का विकृती, म्हणजे मूळ आवाजापेक्षा ४० डेसिबेल खाली असलेला दुप्पट उपस्वर, वेगळा स्वर म्हणून सहसा ऐकू येत नाही. आवाजाला किंचित साय आल्यासारखे वाटते. दोन नलिका समोरासमोर जोडून केलेल्या ‘पुश-पुल’ रचनेत हे सम उपस्वर एकमेकांना बरेचसे छेदतात. म्हणून ऊब हवी असणारे लोक एकेरी रचना मागतात, ताकद हवी असणारे पुश-पुल.

मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतात, तेव्हा घोडीच्या पृष्ठाला बाक देऊन आणि तारेखाली धागा सरकवून ते उपस्वर फुलवतच असतात. नलिकेची विकृती ही विजेची जवारी आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ही तुलना अर्ध्या वाटेवरच सोडून द्यावी लागते. जवारी गायकाच्या पट्टीला आणि कानाला जुळवून, एकाच वाद्यावर केली जाते. अ‍ॅम्प्लिफायरची भर मात्र येणाऱ्या प्रत्येक आवाजावर सारखीच पडते. त्यात आणखी एक अडचण अशी की दोन वेगवेगळे स्वर एकाच वेळी आले, तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वरही निर्माण होतात आणि ते सुसंवादी असतीलच असे नाही. म्हणून एकट्या गळ्याचा ख्याल, सतारीची आलापी किंवा गझल नलिकेवर खुलते. पण शंभर वाद्यांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद किंवा दाटीवाटीचे चित्रपटगीत त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर एकमेकांत कालवल्यासारखे होऊ शकते. दुकानात अ‍ॅम्प्लिफायर ऐकवताना बहुधा एकटा गळा किंवा गिटारच लावली जाते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे. समूहवाद्यांची एखादी ध्वनिफीत सोबत न्यावी.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या शौकिनांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. १९२५च्या सुमारास विद्युत-ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि ट्रान्झिस्टर रुळेपर्यंतची सगळी मुद्रणे नलिकांमधूनच झाली. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांच्या १९३०च्या दशकातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असोत वा पन्नाशीतील नाट्यगीते, नलिकेचा संस्कार मुद्रणातच बसलेला आहे. नलिकेच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकल्याने त्या ‘मूळ रूपात’ ऐकू येतात, ही समजूत चुकीची आहे. तसे ऐकणे म्हणजे एका संस्कारावर दुसरा संस्कार. सुईची खरखरही त्याने कमी होत नाही. खर्जाला थोडा आधार मिळाल्यामुळे खरखरीकडे लक्ष कमी जाते, एवढाच लाभ पदरात पडतो.

कोणाची कोणाशी जोडी

३०० ओहमचे, हलक्या वेटोळ्याचे हेडफोन हे ओटीएलचे हक्काचे जोडीदार. सेनहायझरची एचडी ६०० व ६५० ही जोडगोळी आणि २००९ साली आलेला एचडी ८०० या वर्गात मोडतात. एचडी ८००ची बाब विशेष आहे. त्याची तपशील उलगडण्याची ताकद वादातीत आहे, पण ६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज टोकदार होतो आणि गायनातील ‘स’, ‘श’ ही व्यंजने टोचतात. नलिका ते टोक कापत नाही. खालून भर घालून तोल सावरते. टोक खरोखर कमी करायचे, तर कंपनीनेच पुढे काढलेली सुधारित आवृत्ती किंवा इक्वलायझर हाच उपाय. शिकागोच्या झेडएमएफ या लाकडी हेडफोन बनवणाऱ्या कंपनीने आपले अनेक हेडफोन ३०० ओहमचे ठेवले आहेत आणि त्यांचा ग्राहक मुख्यतः नलिकेचा चाहताच आहे. बायरडायनॅमिकच्या डीटी ८८०ची ६०० ओहमची आवृत्तीही ओटीएलवर निर्वेध चालते. तिथे १२० ओहमचा प्रभाव आणखी कमी होतो, म्हणजे ऊबही बेताची मिळते.

पसरट पडद्याचे, म्हणजे ‘प्लेनार मॅग्नेटिक’ हेडफोन ही वेगळी जात. ऑडेझी आणि हायफायमॅन या कंपन्यांनी ते लोकप्रिय केले. त्यांचा इम्पीडन्स सर्व कंपनसंख्यांना जवळजवळ सपाट असतो. त्यामुळे निर्गम-इम्पीडन्स कितीही असला तरी खर्ज उचलला जात नाही. ऊबेचे पहिले कारणच येथे नाहीसे होते. दाब मात्र वाया जातो. १२० ओहमच्या स्रोताला ६० ओहमचा प्लेनार जोडला, तर एक-तृतीयांश दाबच त्याच्या वाट्याला येतो.

त्याहून मोठी अडचण ताकदीची. एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबेल आवाज देतो. संगीतातील ११० डेसिबेलच्या क्षणिक शिखरासाठी त्याला सुमारे १७ मिलिवॅट आणि साडेसात मिलिअँपिअर पुरतात. हायफायमॅनच्या सुसवारा या ६० ओहमच्या अतिमहागड्या हेडफोनची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ८३ डेसिबेल आहे. त्याच शिखरासाठी त्याला ५०० मिलिवॅट आणि सुमारे ९१ मिलिअँपिअर हवेत. ताकद तीसपट, प्रवाह बारापट. लहान ओटीएलच्या नलिकेतून मुळातच काही दहा मिलिअँपिअर वाहत असतात. ती एवढा प्रवाह आणणार कुठून? असे हेडफोन नलिकेवरच ऐकायचे असतील, तर ३००बीसारख्या मोठ्या नलिका आणि भक्कम ट्रान्सफॉर्मर असलेले यंत्र हवे, अथवा संकरित अ‍ॅम्प्लिफायर. सर्वात महागडा हेडफोन आणि सर्वात महागडा ओटीएल एकत्र आणले म्हणजे सर्वोत्तम आवाज मिळेल, या हिशेबाने झालेल्या खरेद्या याच ठिकाणी फसतात.

कानात खुपसायच्या इअरफोनांचा तर या वाटेला जाऊच नये. अनेक सूक्ष्म ध्वनियंत्रे असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स इतका वरखाली होतो की मोठ्या निर्गम-इम्पीडन्सवर त्याचा स्वभावच बदलतो. शिवाय ते अतिसंवेदनशील असल्याने नलिकेची शीळ आणि ५० हर्ट्झची गुणगुण स्पष्ट ऐकू येते.

नलिकेचे सर्वात स्वाभाविक नाते स्थिरविद्युत हेडफोनशी आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली हा प्रकार बाजारात आणला. त्यांच्या आजच्या हेडफोनांत अतिपातळ पडद्यावर ५८० व्होल्टांचा स्थिर दाब असतो आणि तो हलवण्यासाठी शेकडो व्होल्टांचा संकेत लागतो, प्रवाह मात्र नगण्य. जास्त दाब, कमी प्रवाह, हा तर नलिकेचा जन्मस्वभाव. सेनहायझरने १९९१ साली ‘ऑर्फियस’ हा मर्यादित संख्येत काढलेला स्थिरविद्युत संच नलिकेच्या अ‍ॅम्प्लिफायरसहच विकला आणि त्याच्या एचई १ या वारसदारात संगमरवरी बैठकीवर आठ नलिका बसवल्या. गंमत अशी की या जोडीतील आवाज फारसा ‘उबदार’ नसतो. तो स्वच्छ, हवेशीर असतो. नलिका आली म्हणजे ऊब आलीच, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

काही रुपयांचा रोधक

१९८५ साली अमेरिकी अभियंते बॉब कार्व्हर यांनी ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले होते. संपादकांनी निवडलेल्या महागड्या नलिका अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज आपण आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणून दाखवू, असा त्यांचा दावा होता. दोन्ही यंत्रांच्या निर्गमांतील फरक मोजत-मोजत त्यांनी तो इतका कमी केला, की मुरलेल्या कानांनाही दोहोंतील भेद सांगता आला नाही. ती चाचणी स्पीकरवर झाली होती; तत्त्व हेडफोनलाही लागू पडते.

त्याचा घरगुती अवतार फार स्वस्त आहे. ३०० ओहमचा हेडफोन आणि साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या श्रोत्याने डाव्या व उजव्या तारेत प्रत्येकी १२० ओहमचा अर्ध्या वॅटचा रोधक घालावा. रोधक सामाईक परतीच्या तारेत मात्र घालू नये; तसे केल्यास डाव्या-उजव्याची सरमिसळ होते. इम्पीडन्समुळे येणारी सगळी ऊब या काही रुपयांच्या खटाटोपात ऐकायला मिळते. आवाज भावला, तर नलिकेच्या वाटेने पुढे जायला हरकत नाही. भावला नाही, तर मोठी रक्कम वाचली. उपस्वरांची साय, नलिकेचा उजेड आणि यंत्राचे देखणेपण हे त्यावरचे वेगळे मोल. ते द्यावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तुलना करताना एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. दोन अ‍ॅम्प्लिफायरांची पातळी मल्टिमीटरने, हेडफोन जोडलेला असताना मोजून, एक-दोन टक्क्यांच्या आत समान केल्याशिवाय काढलेला कोणताही निष्कर्ष कुचकामी असतो.

नलिका बदलण्याचा नाद

एका नलिकेच्या जागी त्याच जातीची दुसऱ्या कारखान्याची नलिका बसवून पाहणे, हा या छंदातला उपछंद. ६एसएन७, ६एएस७, १२एयू७ या नलिका अनेक देशांत बनल्या. इंग्लंडची मुलार्ड, जर्मनीची टेलेफुंकेन, अमेरिकेच्या आरसीए आणि टंग-सोल यांच्या न वापरलेल्या जुन्या मालाला मोठी किंमत येते. भारतातही बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओच्या नलिका बनवल्या होत्या. नलिका बदलल्याने फरक पडतो, पण तो प्रामुख्याने विकृतीच्या प्रमाणात आणि गुणगुणीत पडतो. हेडफोन बदलल्याने पडणाऱ्या फरकापुढे तो किरकोळ आहे. हेडफोनच्या कानगाद्या जुन्या होऊन चपट्या झाल्या, तर होणारा बदलही त्याहून मोठा असतो.

ज्या मालाला भाव, त्याच्या नकला आल्याच. काचेवरील छापील नाव पुसून दुसरे छापणे अवघड नाही. टेलेफुंकेनच्या छोट्या नलिकांच्या बुडाशी काचेतच उमटवलेली हिऱ्याची आकृती असते आणि मुलार्डच्या नलिकांवर कारखान्याचा संकेतांक कोरलेला असतो; खरेदीपूर्वी या खुणांची छायाचित्रे मागवावीत. नव्या नलिका आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर रशियातून होणाऱ्या निर्यातीवर बंधने आली, तेव्हा जगभर नलिकांचा तुटवडा होऊन दर भडकले होते. ज्याच्या नलिका सध्याही उत्पादनात आहेत, असा अ‍ॅम्प्लिफायर निवडणे शहाणपणाचे, ते यासाठी.

घरातील सोय आणि सुरक्षितता

परदेशातून आणलेल्या यंत्राचा मागचा भाग आधी पाहावा. अमेरिकेतील १२० व्होल्टांसाठी बनलेले यंत्र भारतातील २३० व्होल्टांवर लावले, तर क्षणात निकामी होते. २३० व्होल्टांचे यंत्रही दाब २५० वर गेला की ताण सोसते, ६.३ व्होल्टांच्या तापक-तारेला मग सुमारे ६.८५ व्होल्ट मिळतात, म्हणजे जवळपास नऊ टक्के जास्त. नलिकांच्या तांत्रिक तक्त्यांत साधारणतः दहा टक्क्यांपर्यंत सूट असते, पण हे रोजचेच झाले तर आयुष्य घटते. ज्या भागात संध्याकाळी दाब वरखाली होतो, तिथे चांगला स्टॅबिलायझर हा चैनीचा भाग राहत नाही. मेघगर्जना सुरू झाली की प्लग काढून ठेवावा.

किनारपट्टीची खारी, दमट हवा नलिकेच्या काचेला काही करत नाही. तिच्या पायांना आणि बैठकीच्या संपर्कपट्ट्यांना मात्र गंज धरते आणि खरखर सुरू होते. पावसाळ्यानंतर यंत्र बंद आणि थंड असताना पाय कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्यावेत. अ‍ॅम्प्लिफायर बंदिस्त कपाटात ठेवू नये. ६०८० नलिकेची तापक-तारच १५ वॅटहून अधिक वीज उष्णतेत घालवते. वरती मोकळी जागा नसेल तर आतील कपॅसिटर अकाली सुकतात. मुले आणि मांजरे घरात असतील, तर नलिकांवर जाळीचा पिंजरा असलेले यंत्रच घ्यावे.

ओटीएल वापरताना नलिका पुरती तापल्यावरच, साधारण मिनिटभराने, आणि आवाज शून्यावर ठेवून हेडफोन जोडावा. प्लग आत सरकताना निर्गम क्षणभर एकमेकांना चिकटतो आणि सुरुवातीचा विजेचा झटका नाजूक वेटोळ्याला इजा करू शकतो. यंत्र उघडण्याचे काम जाणकारावरच सोपवावे. आत शंभर-दोनशे व्होल्टांचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर तो काही काळ धरून ठेवतात. स्वतः जोडायचे संच घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. अशा संचांच्या पुस्तिकांत कपॅसिटर रिकामे करण्याची रीत दिलेली असते आणि ती प्रत्येक वेळी पाळावी लागते.

उबदार आवाज टोचत नाही, आणि त्यामुळे तो नकळत मोठा केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबेल पातळीवर आठवड्याला ४० तास ही श्रवणाची मर्यादा सुचवली आहे. पातळी तीन डेसिबेलने वाढली की अनुज्ञेय वेळ निम्म्यावर येते. ८९ डेसिबेलला आठवड्याचे पाचच तास उरतात.